परिशिष्टातले तीन उंदीर

हिरामण कापगते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाचं काम करायचा. सव्वीस हंगाम त्याने स्टेजवर लोकांच्या जमिनी लाटल्या, सुना छळल्या, सख्ख्या भावावर कुऱ्हाड उगारली. आरमोरीच्या बाजारात म्हाताऱ्या बाया त्याला बघून तोंड फिरवायच्या, आणि याहून मोठी पावती नाही असं तो घरी येऊन बायकोला सांगायचा. दिवाळीनंतर वडशाच्या मंडळाची गाडी निघाली की पार होळीपर्यंत गावोगाव प्रयोग. घरी यायचा तो कपडे बदलायला आणि इंदूच्या हातचा भात खायला.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. पन्नाशीला डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पुढे दुसऱ्या अंकातच त्याला थकवा यायला लागला आणि तिसऱ्यात वाक्यं निसटायला लागली. एका प्रयोगात नायिकेला धमकावता धमकावता तो खाली बसला तो उठलाच नाही. लोकांना वाटलं, नाटकात तसंच आहे. २०३३च्या हंगामात मंडळाने त्याची भूमिका दुसऱ्या नटाला दिली आणि जुना माणूस म्हणून त्याला पडदा ओढायला ठेवून घेतलं. त्याने ते काम केलं, कुरकुर केली नाही. मात्र घरी तो बोलेनासा झाला. इंदूने नागपूरला फोन करून नणंदेला एवढंच सांगितलं, की माणूस घरात आहे, पण घरात कुणी आहे असं वाटत नाही.

नणंद म्हणजे छाया. हिरामणहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती सातवीत होती. तिला ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात नेऊन सोडणारा, पुढे नागपूरला तिच्या प्रवेशासाठी रांगेत उभा राहणारा हिरामणच. आता ती डॉ. छाया कापगते होती आणि नागपुरातल्या एका खासगी संशोधन संस्थेत पेशींवर येणाऱ्या ताणाचा अभ्यास करत होती. हा विषय तिने भावाच्या आजारामुळे निवडला, हे ती कुणाला सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती. इंदूला ते ठाऊक होतं, हिरामणलाही.

मधुमेहात रक्तातली साखर वाढते, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. छायाचं लक्ष त्याच्या एक पायरी आधी होतं. स्वादुपिंडातल्या थोड्याशा पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिन हे प्रथिन, म्हणजे एक लांब साखळी, आणि ती ठरावीक पद्धतीने दुमडली गेली तरच कामाची. शरीराची मागणी वाढत गेली की या पेशी उसंत न घेता साखळ्या बनवत सुटतात. घाईत घड्या चुकतात. चुकलेल्या घड्यांचा ढीग पेशीतच साचतो, आणि मग पेशी स्वतःलाच धोक्याचा इशारा देते. त्यासरशी उत्पादन थांबतं, कचरा आवरला जातो, काम पुन्हा सुरू होतं. पण इशारा फार काळ चालूच राहिला तर पेशी स्वतःला संपवते. मधुमेह झालेल्या माणसाच्या पोटात वर्षानुवर्षं हेच चाललेलं असतं, आणि एके दिवशी इन्सुलिन बनवणारं पुरेसं कुणी उरत नाही.

छायाच्या गटाने शोधलेला रेणू हा इशारा दाबून ठेवत होता. पेशी मरायच्या थांबत. थोड्याबहुत चुका करत का होईना, काम करत राहत.

हे तिने हिरामणला पडद्याच्या भाषेत समजावलं होतं. नटाची वाक्यं चुकायला लागली की तू घाबरून पडदा पाडतोस असं समज, ती म्हणाली. पुन्हा पुन्हा पाडलास तर लोक उठून जातील आणि मंडळच बंद पडेल. माझं औषध पडदेवाल्याला सांगतं, थांब जरा, एवढ्यात पाडू नकोस.

हिरामणने विचार केला. "आन् स्टेजवर आग लागली तं?"

छाया हसली होती.

त्या वेळेपर्यंत उंदरांची गोष्ट होऊन दोन वर्षं झाली होती. २०३१ साली रेणूची लांब मुदतीची चाचणी चालू असताना चाळीसपैकी तीन उंदीर एकाच आठवड्यात मेले. उघडून पाहिलं तर फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत पू झाला होता. पिंजऱ्यांच्या त्या रांगेतल्या पाण्याच्या नळीत जंतू सापडले. इथवर नवल काही नव्हतं. छायाला खटकलं ते वेगळंच. आजारी उंदीर दोन दिवस आधी ओळखू येतो. पाठीला बाक काढून कोपऱ्यात बसतो, अंगावरचे केस पिंजारतात, खाणं सोडतो. या तिघांनी आदल्या संध्याकाळपर्यंत पोटभर खाल्लं होतं, चाकावर धावले होते. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं.

कारणाचा तिला अंदाज आला. पेशीचा इशारा पेशीपुरता राहत नाही. ताणाखाली आलेल्या पेशी रक्तात एक संप्रेरक सोडतात, ते मेंदूच्या तळाशी पोचतं, आणि मग अंग गळून जातं, अन्न नकोसं होतं, पडून राहावंसं वाटतं. 'बरं वाटत नाही' असं आपण म्हणतो त्यातला मोठा भाग हाच. इशारा दाबला, की ही जाणीवही दबणार. आजार व्हायचा तो होईल. ज्याला झाला त्याला कळणार नाही, एवढंच.

गटाचे प्रमुख डॉ. रणदिवे यांना तिने हे सांगितलं. रणदिवे सज्जन माणूस, घाईने काही करणारे नव्हेत. त्यांनी कॅमेऱ्यातली दृश्यं दोनदा पाहिली. मग म्हणाले, की संसर्ग पाण्यातून आला, औषधातून नाही; अशा प्राण्यांना मोजणीतून वगळायचं असतं, हा नियमच आहे. नियम तसाच होता. मरायच्या आधी ते आजारी दिसत नव्हते हे एक वाक्य टाकू या, असं छायाने सुचवलं. तीन उंदरांवरून वाक्य लिहिता येत नाही, त्यावर पुढच्या वर्षी वेगळा अभ्यास करू, असं ते म्हणाले. शेवटी अहवालाच्या परिशिष्टात एक ओळ गेली: पाणीपुरवठ्यातील दोषामुळे संसर्ग, तीन प्राणी वगळले. खाली दोघांच्या सह्या.

पुढच्या वर्षी तो अभ्यास झाला नाही. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या आणि कामाला अंत नव्हता. खरं सांगायचं तर छायालाही तो अभ्यास नको होता. माणसांवरच्या चाचण्यांत तसं काही दिसलं नाही. दिसणारही नव्हतं, तिथे दर आठवड्याला नर्स येऊन रक्त घेई, कुठे काही सुरू झालंच तर अहवालात दुसऱ्या दिवशी कळे. घरी जाऊन गोळी घेणाऱ्या माणसाकडे नर्स येत नाही, हा विचार तिच्या मनात आला होता का, हे तिला पुढे अनेकांनी विचारलं. आला होता.

२०३६च्या उन्हाळ्यात गोळी बाजारात आली. नाव 'प्रशम'. हिरामण स्वतः नागपूरला आला. धुतलेला पांढरा सदरा, दाढी केलेली, काखेत झाडीतल्या तांदळाची पिशवी. छायाने चहा केला. गोळ्यांची पट्टी त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मले एकच सांग," तो म्हणाला. "यानं काही वाईट तं होत नाही ना?"

तिला ते तीन उंदीर आठवले. नंतर कितीही प्रयत्न केला तरी हे तिला नाकारता आलं नाही. पण समोर बसलेल्या माणसाने तीन वर्षं पडदा ओढला होता, आणि तो तिच्याकडे असा पाहत होता की उत्तर आधीच ठरलेलं आहे.

"तसं काही दिसलेलं नाही, दादा."

त्याने मान हलवली आणि पट्टी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

चार महिन्यांत त्याची साखर ताळ्यावर आली. दंडावर चिकटवलेल्या, साखर मोजणाऱ्या चकतीचा दिवा, जो वर्षानुवर्षं लाल नाहीतर पिवळा असायचा, तो हिरवा झाला तो हिरवाच राहिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थकवा गेला. हिरामणने घराची कौलं स्वतः चाळली. दिवाळीनंतर मंडळाकडे जाऊन त्याने जुन्या भूमिकेतलं एक पान उभ्या उभ्या म्हणून दाखवलं आणि मंडळाने ती भूमिका त्याला परत दिली. छाया पहिल्या प्रयोगाला गेली होती. तिसऱ्या अंकाच्या आधी तो मिशा लावलेल्या तोंडानेच पडद्याबाहेर आला आणि हा आवाज माझ्या बहिणीने मला परत दिला असं त्याने सांगितलं. दोन हजार लोक तिच्याकडे वळून पाहत होते. तिने पदराने तोंड पुसलं.

असं सगळीकडेच होत होतं. गोळी घेणारे लोक दमत नसत. घरात सगळ्यांना सर्दीताप आला तरी ते हिंडत असत. सुरुवातीला डॉक्टर याला औषधाचा वरचा फायदा म्हणत. मग जाहिरातीतही ते आलं. ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा छायाने रणदिव्यांना विचारलं, की तो राहिलेला अभ्यास आता करायचा का. त्यांनी होकार दिला. तारीख ठरली नाही.

दोन वर्षांनी, जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी इंदूचा फोन आला. छायाच्या टेबलावर कागद पसरलेले होते. गुरुवारी दिल्लीत बैठक होती. साखर किंचित वाढलेल्या, अजून मधुमेह न झालेल्या लोकांनाही प्रशम द्यावी का, हे तिथे ठरणार होतं. म्हणजे काही कोटी माणसं.

इंदू कधी कारणाशिवाय फोन करत नसे. ताट देताना तिचा हात हिरामणच्या हाताला लागला होता. "ताई, त्यायचं अंग नुसतं तापलं हाय. पण ते तं जेवून राहिले. दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा मागून राहिले."

छायाने तिला थर्मामीटर लावायला सांगितलं. एकशे तीन ताप होता. चकतीचा दिवा विचारला, तर हिरवा. मग हिरामणने फोन घेतला. आपल्याला काहीही झालेलं नाही, इंदूचाच हात गार असेल असं म्हणून तो हसला. सोमवारी प्रयोग होता, बुधवारी कुरखेड्याला दुसरा. अजून दहा बाकी होते. आवाज नेहमीचाच, भरदार.

छायाला कळलं होतं. फोन कानाला असतानाच तिला पिंजऱ्यातलं ते फिरणारं चाक दिसलं. आत्ताच्या आत्ता गाडी करून नागपूरला या, एवढंच म्हणायचं होतं. पण तेव्हा गावोगाव तापाची साथ होती. साधा ताप असण्याचा संभव जास्त होता. आणि बैठकीच्या आठवड्यात गोळी शोधणाऱ्या बाईचाच भाऊ तापाने दवाखान्यात दाखल झाला, हे कुणाच्या कानावर गेलं असतं तर काय झालं असतं, असा विचार तिने केला नाही. पण ज्याचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं होतं, ते हेच होतं. तिने वहिनीला तापाची गोळी द्यायला सांगितली. शुक्रवारी मी दिल्लीहून परतले की दादाला घेऊन या, सगळ्या तपासण्या करू, असं सांगितलं.

त्याचे पाय बघा, असं मात्र तिने सांगितलं नाही. मधुमेह झालेल्या माणसाला ताप आला की पहिला प्रश्न पायाचा असतो. तिच्या हाताखालच्या विद्यार्थ्यानेही तो विचारला असता.

बुधवारी दुपारी मंडळाची गाडी कुरखेड्याला पोचली. वाटभर हिरामण जुन्या प्रयोगांचे किस्से सांगत होता. उतरताना त्याने डावा पाय जमिनीवर टेकवला आणि तो आडवा झाला. लोकांनी उचलून सावलीत ठेवलं, बूट काढला. तळव्यात स्टेजच्या फळीचा खिळा गेल्याची जखम होती, आठ-नऊ दिवसांची. घोट्यापर्यंत पाय काळा पडला होता. साखरेने पायाची संवेदना कधीच गेली होती, त्यामुळे खिळा कळला नाही. आणि बाकीच्या शरीराने जी ओरड करायची ती गोळीने करू दिली नाही. तो शुद्धीवर होता. जमलेल्या लोकांना तो सांगत होता की मला काही झालेलं नाही, जरा तोल गेला.

छायाला दिल्लीत फोन आला. ती बैठकीला गेली नाही. नागपूरच्या रुग्णालयात ती पोचली तोवर पाय गुडघ्याखाली काढला होता आणि मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं. सही इंदूने केली होती. छाया दिसल्यावर इंदू उठून उभी राहिली, नेहमी राहायची तशी, आणि बाकावर तिला जागा करून दिली.

प्रशम अर्थातच बंद झाली. चौथ्या दिवशी तिचा अंमल उतरला. हिरामणला हुडहुडी भरली, उलट्या झाल्या, डोळे उघडवेनात. अंगात इतके दिवस साठून राहिलेलं सगळं त्याला एकदम जाणवायला लागलं.

"छाया," तो म्हणाला, "मले बरं नाही वाटून राहिलं."

पाहायला आलेल्या डॉक्टरांनी हे चांगलं लक्षण आहे असं सांगितलं. छाया उठून व्हरांड्यात गेली. दोन वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं, आणि ते आलं नव्हतं याचा तिला अभिमान वाटत होता.

मूत्रपिंडं थोडी सावरली. दहाव्या दिवशी तो उशीला टेकून बसू लागला. इंदू औषधं आणायला खाली गेली होती. छायाने त्याला सगळं सांगितलं. पाण्याची नळी, कॅमेरा, परिशिष्टातली ओळ, शनिवारचा फोन. कागदावरचं वाचून दाखवावं तसं सांगितलं, कारण नाहीतर तिला पुरं करता आलं नसतं.

"किती उंदीर?" त्याने विचारलं.

"तीन."

तो म्हणाला, "मी विचारलं होतं तुले."

"हो."

"तू काय म्हणाली होती?"

त्याला ते आठवत नव्हतं असं नाही. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, त्याच शब्दांत. तो ऐकत होता. ओरडला नाही. सव्वीस हंगाम ज्याच्या ओरडण्याने पोरं आयांच्या मागे लपली, त्या माणसाने एवढंच विचारलं, की माझ्यासारखे अजून किती जण ही गोळी घेताहेत. नऊ लाख, ती म्हणाली.

"मंग तू इथं काहून बसली वं?"

तिने त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं आणि औषध नियंत्रकांना पाठवलं. सोबत कॅमेऱ्यातली दृश्यं जोडली. रणदिव्यांना आधी कळवलं. ते म्हणाले, "छाया, आपण खोटं काहीच लिहिलं नव्हतं." तिने ते कबूल केलं. एकही शब्द खोटा नव्हता.

चौकशी आठ महिने चालली. देशभरातले, 'अचानक' म्हणून नोंदलेले मृत्यू पुन्हा तपासले गेले. त्यांतले दोनशे सतरा प्रशम घेणाऱ्यांचे होते आणि त्या सगळ्यांच्या शरीरात संसर्ग होता. कुणी लग्नात जेवून आलं होतं, कुणी शेतातून, कुणी शाळेत पाच तास शिकवून. घरच्यांनी सगळीकडे एकच सांगितलं होतं: काल तर अगदी ठणठणीत होते. गोळीवर बंदी आली नाही. ती घेऊन कितीतरी लाख लोकांचे डोळे, मूत्रपिंडं वाचली होती, हेही तितकंच खरं होतं. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत सूचना आली. रोज दोन वेळा ताप मोजा, रोज पाय तपासा, आठवड्याला रक्त तपासा. आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ही जबाबदारी घेतल्याची सही केल्याशिवाय गोळी मिळणार नाही. बस, एवढंच. दोनशे सतरा माणसं आणि एक पाय वाचवायला एवढं पुरलं असतं.

छायाने संस्था सोडली. तिला काढलं असं काही लोक म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. ती ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली. तिथून दादाचं गाव तासाभरावर. महिन्यातून एकदा ती जायची. हिरामण तिच्याशी बोलायचा, पिकाचं, मंडळाचं. इंदू चहा द्यायची आणि आत जायची.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर ती गेली तेव्हा दुपार होती. अंगणात मंडळाचे तीन-चार नट बसले होते, तालीम चालली होती. हिरामण खुर्चीत होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. त्याचा चेहरा पाहूनच ती थबकली. रंग परतला होता. डोळ्यांत तेज होतं. ती आत गेली आणि देवाच्या फळीवर तिला प्रशमची पट्टी दिसली. एका ओळीतल्या चार गोळ्या संपल्या होत्या.

हिरामण कुबड्या घेऊन मागोमाग आत आला. ती काही बोलायच्या आत त्याने हात वर केला. इन्सुलिनवर तो चार वाजता झोपायचा, दोन वाक्यांत आवाज बसायचा. मंडळाने त्याच्यासाठी खुर्चीत बसून गाव चालवणारा पाटील लिहून घेतला होता. तीन अंक. छायाने त्याला समजावलं, मग विनवलं, त्याच्या मूत्रपिंडांचे आकडे सांगितले. बोलता बोलता तिची भाषा कधी घरची झाली हे तिचं तिलाच कळलं नाही. "नोको घेऊ, दादा. मी तुह्या पाया पडतो."

त्याने तिला पुरं बोलू दिलं. मग तो तिच्याजवळ आला, आणि लहानपणी तिला वसतिगृहाच्या दारात सोडताना बोलायचा त्या सुरात बोलला.

"तेव्हा मले माहीत नव्हतं, आता हाय. मनाले लावून नको घेऊ. तू तेव्हाच सांगितलं असतं ना छाया, तरी मी घेतलीच असती."

त्याने ते तिला धीर यावा म्हणून म्हटलं होतं. तेवढं बोलून तो बाहेर गेला. लोक खोळंबले होते. छाया तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं तिने स्वतःला एकच समजावलं होतं, की खरं सांगितलं असतं तर दादाने गोळी घेतली नसती, तो पडदाच ओढत बसला असता. म्हणून ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याला तेवढा एकच आधार होता.

इंदू चुलीजवळ होती. तिने सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत ती उठली. फळीवरून थर्मामीटर आणि एक वही घेतली, सकाळचा ताप लिहिलेला होता तो पाहिला. गोळीसाठी जबाबदारी घेतल्याच्या कागदावर सही तिचीच होती.

"त्यायनं घेतलीच असती," ती म्हणाली. "पण मले कोणी सांगितलं असतं, तं मी रोज त्यायचे पाय पाहिले असते. दुसरं काय करायचं होतं?"

तिने आवाज चढवला नाही. ती छायाकडे पाहतही नव्हती. छायाने थर्मामीटरसाठी हात पुढे केला, म्हणाली, द्या वहिनी, दुपारचा ताप मी घेते. इंदूने थर्मामीटर फडक्याने पुसलं, डबीत घातलं, आणि डबी आपल्या कमरेला खोचली.

"तुमची गाडी निघून जाईन, ताई."

गाडीला अजून पाऊण तास होता. छायाने पिशवी उचलली आणि मागच्या दाराने निघाली, तालीम मोडू नये म्हणून. गल्लीच्या टोकाशी पोचली तरी हिरामणचा आवाज ऐकू येत होता. पाटील गावाला दम देत होता. आवाज खणखणीत होता, एकही शब्द चुकत नव्हता. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, या माणसाला कधी काही झालेलंच नाही.